धबधब्याला पहिल्यांदा जाताना: वाट, काठ आणि तुषारांचं जग

जंगलातल्या धबधब्याला पहिल्यांदा जाणारी बहुतेक माणसं शेवटी दिसणाऱ्या पाण्यासाठी चालतात. वाट म्हणजे त्यांच्या लेखी फक्त कापायचं अंतर. पोचलं की फोटो, थोडा आरडाओरडा, पाय भिजवणं आणि अर्ध्या तासात परत. यात धबधब्याचा मोठा भाग पाहायचाच राहून जातो, असं मला मनापासून वाटतं. पाणी कड्यावरून कोसळतं त्या जागेच्या कितीतरी आधी धबधबा सुरू झालेला असतो: हवेच्या ओलाव्यात, झाडांच्या सालीवर, दगडांच्या अंगावर. तो तिथून ओळखायला शिकणं अवघड नाही. त्यासाठी थोडी तयारी लागते आणि चालायचा वेग कमी करावा लागतो.

दिवस आणि वेळ ठरवणं

सुरुवात गणिताने करा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा नियम सांगितला, तो आजही उपयोगी पडतो: दर 5 किलोमीटर चालायला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला वरचा एक तास. समजा धबधबा 3 किलोमीटरवर आहे आणि चढ 300 मीटरचा आहे. जायला एक तास पाच मिनिटं, यायला पस्तीस-चाळीस मिनिटं. पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्या सरावाच्या माणसाचा आहे. तुम्ही नवखे आहात आणि तुम्हाला थांबत, बघत जायचं आहे, म्हणून तो सरळ दुप्पट करा. काठावर बसायला एक तास धरा. म्हणजे पावणेदोन तासांच्या चालीसाठी साडेचार तास हाताशी हवेत.

परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा आणि ती पाळा, धबधबा दिसला नसला तरीही. धबधबे बहुधा खोल घळीत असतात. सूर्य मावळायच्या बराच आधी तिथे अंधारून येतं, आणि झाडांखालची ओली वाट अंधुक उजेडात ओळखू येत नाही. सकाळी लवकर निघणं सगळ्यात चांगलं. पक्षी बोलके असतात आणि गर्दी नसते.

हवामान पाहताना नवख्यांची एक चूक हमखास होते. ते धबधब्यापाशी पाऊस आहे का एवढंच पाहतात. पाणी येतं ते वरून, ओढ्याच्या उगमाकडून. तिकडे जोराचा पाऊस झाला असेल तर तुमच्या डोक्यावर कोरडं आकाश असतानाही ओढा फुगू शकतो. म्हणून वरच्या डोंगराचा अंदाज पाहा. वरच्या अंगाला धरण असेल तर पाणी सोडण्याच्या सूचना पाहा. वाट बंद असल्याचा फलक असेल तर तिथूनच परत फिरा.

घरच्या कुणाला तरी तीन गोष्टी सांगून निघा: कुठे जाताय, कोणत्या वाटेने, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा.

पाठपिशवीत काय असावं

खोल खाचांच्या तळव्याचे बूट. जास्तीच्या मोज्यांची एक जोडी, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. हलकं जर्किन. बॅटरी. प्रथमोपचाराचं सामान, त्यात बारीक टोकाचा चिमटा. भरून घेतलेलं पिण्याचं पाणी. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. प्यायची वेळ आलीच तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, 2,000 मीटरपेक्षा उंचावर असाल तर तीन मिनिटं. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण घळीत नेटवर्क मिळेल याची खात्री नसते.

आणखी दोन वस्तू जरूर घ्या. एक शिट्टी. धबधब्याजवळ दहा पावलांवरच्या माणसाची हाकसुद्धा ऐकू येत नाही, शिट्टीचा तीक्ष्ण आवाज मात्र पाण्याच्या आवाजातून बाहेर पडतो. थांबून थांबून तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी, हा संकेत जगात बऱ्याच ठिकाणी ओळखला जातो. दुसरी वस्तू म्हणजे दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग. वाटेवरची निम्मी मजा या भिंगात आहे.

पहिली दहा मिनिटं: थांबा

वाटेवर शे-दोनशे पावलं गेलात की उभे राहा. बोलू नका. रस्त्याचे, गाड्यांचे, गप्पांचे आवाज कानांतून उतरायला वेळ लागतो. दोन-तीन मिनिटांनी थर सुटे होऊ लागतात: वरच्या शेंड्यांमधला वारा, मधल्या फांद्यांवरचे पक्षी, पायाजवळच्या पाचोळ्यातली खुसफुस. आपण आलो तेव्हा गप्प झालेले पक्षी पुन्हा बोलू लागले, की जंगलाने आपल्याला स्वीकारलं असं समजावं.

मग वास घ्या. पाऊस पडून गेला असेल तर मातीचा तो ओळखीचा गंध येईल. कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या या गंधाला इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. त्यातला मातकट भाग जिओस्मिन नावाच्या रसायनाचा असतो, आणि ते मातीतले सूक्ष्म जिवाणू तयार करतात. म्हणजे ज्याला आपण मातीचा वास म्हणतो तो खरं तर जिवंत गोष्टींचा वास आहे. जसजसे पाण्याजवळ जाल तसतसा तो बदलेल: आधी कोरडा पाचोळा, मग बुरशी धरलेलं लाकूड, मग ओला दगड.

वाटेवरचं वाचन

झाडांच्या बुंध्यांवर लक्ष ठेवा. मॉस, म्हणजे ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो ती मऊ हिरवी गादी, झाडाच्या उत्तर बाजूलाच वाढते आणि त्यावरून दिशा कळते, असं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्यावर भरवसा ठेवून वाट शोधू नका. मॉसला दिशेशी देणंघेणं नाही, त्याला ओल हवी असते. त्याला खरी मुळं नसतात, ते पाणी थेट पानांच्या अंगाने पितं. म्हणून ते दिशेपेक्षा ओलाव्याची खूण जास्त चांगली सांगतं. सुरुवातीला ते बुंध्याच्या एका कडेला, खालच्या बाजूला दिसेल. मग सगळ्या बाजूंनी. मग फांद्यांवर, दगडांवर, वाटेच्या कडेच्या मातीवर. धबधब्याचा आवाज कानावर पडण्याआधी ही हिरवी पातळी चढत गेलेली दिसली, तर तुम्ही त्याच्या हद्दीत शिरलात.

इथे भिंग काढा. वाळलेल्या, तपकिरी पडलेल्या मॉसवर बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब टाका आणि डोळा लावून बसा. मिटलेली पानं बऱ्याचदा काही मिनिटांतच उलगडू लागतात. मी हे कितीदा केलं असेल, तरी दर वेळी नव्याने आनंद होतो.

दगडांवर राखाडी, पिवळसर, पोपटी चकत्या दिसतील. ते दगडफूल. बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र थाटलेला तो संसार आहे. यातल्या काही जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत. तळहाताएवढी चकती दिसली तर ती तुमच्या आजोबांपेक्षा वयाने मोठी असू शकते. दगडावर टोकदार वस्तूने नाव कोरणाऱ्याला आपण काय खरवडून काढलं याची कल्पना नसते; म्हणून सोबतच्या मुलांना ही चकती मुद्दाम दाखवा.

ओल्या मातीवर फुलपाखरांचा घोळका बसलेला दिसला तर लांबच थांबा. याला चिखलपान म्हणतात. ती मातीतले क्षार, विशेषतः सोडियम, शोषून घेत असतात, आणि त्यांत बहुतेक नर असतात. फुलांच्या मधात हे क्षार फारसे मिळत नाहीत. नेच्यांची (फर्नची) पानं उलटून पाहा, तोडू नका. मागच्या बाजूला तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसल्या तर ते बीजाणूंचे, म्हणजे धुळीसारख्या बारीक कणांचे, पुंजके आहेत. नेच्याला फूलही नाही आणि बीही नाही, त्याचा वंश या धुळीवर चालतो.

वाटेत चिखल आला तर चिखलातूनच जा. कडेने वळसा घालायचा मोह होतो, पण प्रत्येकाने तसं केलं की पायवाट रुंदावत जाते आणि कडेची नाजूक रोपं तुडवली जातात. बूट धुता येतात.

ओल्या जंगलात जळवा असू शकतात. जळू चिकटली तर घाबरून ओढू नका, मीठ टाकू नका, चटका देऊ नका. निमुळत्या टोकाला तिचं तोंड असतं. नख त्वचेला सपाट लावून तिथून सरकवा, मग दुसरं टोक सोडवा. जखम थोडा वेळ वाहत राहील, कारण तिच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही. स्वच्छ धुऊन दाबून धरा. गोचीड असेल तर चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका.

ओढ्याच्या सोबतीने

धबधब्याच्या खालचा ओढा लागला की पाच मिनिटं त्याला द्या. उथळ, शांत जागी, काठावर बसून, पाण्यातला मुठीएवढा एक दगड अलगद उचला आणि खालची बाजू पाहा. चिमुकले कीटक धावपळ करताना दिसतील. शेपटीकडे दोनच लांब धागे असतील तर ते बहुधा स्टोनफ्लायचं पिल्लू. तीन असतील तर मेफ्लायचं. वाळूचे कण किंवा काटक्या चिकटवून केलेली नळी दिसली आणि ती चालू लागली, तर ते कॅडिसफ्लायचं पिल्लू. तोंडातून काढलेल्या रेशमाने ते हे घर स्वतः बांधतं. या तिघांनाही प्राणवायू भरपूर असलेलं, स्वच्छ पाणी लागतं. पाणी दूषित होऊ लागलं की सर्वांत आधी दिसेनासे होणाऱ्यांत ते असतात. म्हणूनच जगभर नद्यांची तब्येत तपासताना यांची मोजणी करतात. पाहून झालं की दगड होता तिथे, होता त्याच बाजूने ठेवा.

दगडांवर दगड रचून मनोरे उभारायची हौस हल्ली बरीच वाढली आहे. हे थांबायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. दगड उचलला की त्याखालचं घर मोडतं, एवढं आत्ता तुम्ही स्वतः पाहिलं.

काठावर पोचल्यावर, आधी सावधगिरी

आता पाणी समोर आहे. पुढे धावू नका. आधी मागे वळून परतीची वाट आणि जवळची उंच जागा पाहून ठेवा.

ज्या दगडावर काळपट-हिरवी चमक आहे त्यावर पाय देऊ नका, तो साबणासारखा निसरडा असतो. धबधब्याच्या माथ्यावर, जिथून पाणी कोसळतं तिथे, पाण्याच्या जवळ अजिबात जाऊ नका; तिथे घसरलेल्या माणसाला सावरायला दुसरी संधी मिळत नाही. वेगाने वाहणारं पाणी 15 सेंटिमीटर खोल असलं तरी धडधाकट माणसाला पाडू शकतं. पाणी जिथे आदळतं त्या डोहात पोहू नका. तिथल्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते नेहमीच्या पाण्यासारखं उचलून धरत नाही, शिवाय आतला प्रवाह माणसाला पुन्हा धारेखाली ओढतो. धारेखाली उभं राहणंही टाळा, वरून पाण्याबरोबर दगड आणि ओंडके येतात.

पाणी वाढत असल्याच्या खुणा पाठ करून ठेवा: नितळ पाणी अचानक गढूळ होणं, काटक्या-पानांचे झुपके वाहून येऊ लागणं, मघाशी कोरडा असलेला दगड भिजणं, आवाज घुमू लागणं. यातली एकही दिसली तर सामान आवरत बसू नका, आधी उंचावर जा.

आता पाहा

सुरक्षित जागी बसा आणि पहिला प्रश्न विचारा: ओढा इथेच का पडला? पुष्कळ धबधब्यांत उत्तर कड्यावरच लिहिलेलं असतं. वर कठीण खडकाचा थर, खाली मऊ. आदळणारं पाणी खालचा थर पोखरतं, वरचा थर छज्ज्यासारखा पुढे राहतो आणि एक दिवस तुटून पडतो. डोहाभोवती पडलेल्या मोठ्या शिळा म्हणजे तुटलेले छज्जे. असं करत धबधबा मागे सरकतो. नायगारा गेल्या साधारण 12,000 वर्षांत 11 किलोमीटर मागे सरकला आहे.

मग डोळे मिटून ऐका. हा आवाज मुख्यतः पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञांनी 1933 मध्ये दाखवलं की प्रत्येक बुडबुडा घंटेसारखा कंप पावतो: लहान असेल तर आवाज बारीक, मोठा असेल तर जाड. दोन मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला तीन हजारांहून जास्त वेळा थरथरतो. म्हणूनच बारीक धारेचा आवाज किणकिणतो आणि मोठ्या धबधब्याचा छातीत घुमतो.

ऊन असेल तर इंद्रधनुष्य शोधा; नशिबावर सोडू नका. सूर्याकडे पाठ करा. आपल्या डोक्याची सावली कुठे पडते ते पाहा. त्या बिंदूपासून 42 अंशांवर इंद्रधनुष्याची कमान असते. हात लांब करून वीत ताणली की ती साधारण 20 अंश भरते, म्हणजे सावलीपासून दोन वितींवर. तिथे तुषार असले तर रंग दिसतील. नसतील तर चार पावलं सरका. दिसलं की त्याच्या बाहेर दुसरी, फिकी कमान आहे का ते पाहा. तिच्यात रंगांचा क्रम उलटा असतो.

आणखी एक गंमत. कोसळत्या पाण्यावरच्या एकाच जागी मिनिटभर टक लावा आणि मग झटकन बाजूच्या खडकाकडे पाहा. खडक वर सरकताना दिसेल. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांना 1834 मध्ये स्कॉटलंडच्या फॉयर्स धबधब्यापाशी हेच दिसलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या आपल्या मेंदूतल्या पेशी थकतात, म्हणून स्थिर वस्तू उलट दिशेला चालल्याचा भास होतो. हा प्रयोग बसूनच करा.

फोटोसाठी एवढंच: ढगाळ उजेड उन्हापेक्षा बरा. पाण्याची रेशमी धार हवी असेल तर कॅमेरा दगडावर किंवा तिपाईवर टेकवून पाव ते एक सेकंदाचा वेळ द्या. मग कॅमेरा आत ठेवा.

आणि मग धबधब्याकडे पाठ करा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तोंड वळवा आणि तुषार जिथवर पोचतात तो पट्टा पाहा. धबधबा स्वतःभोवती स्वतःचं हवामान तयार करतो: सतत ओलं, थंड, वाऱ्याची झुळूक चालू. या थोडक्या जागेत अशा गोष्टी राहतात ज्या वीस पावलांवर जगू शकत नाहीत. काही पातळ नेच्यांचं पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं, भिंगातून पाहिलं तर उजेड आरपार जातो. कोरड्या हवेत ते काही वेळातच आक्रसतं.

इथल्या प्राण्यांपुढे अडचण असते आवाजाची. एवढ्या गर्जनेत हाक कशी मारायची? चीनमधला ओडोराना टॉर्मोटा हा बेडूक आपल्या हाकेचा काही भाग 20 किलोहर्ट्झच्या वर, माणसाच्या कानांपलीकडे नेतो. हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. पश्चिम घाटातले मायक्रिक्झॅलस बेडूक मागचा पाय ताणून, बोटं पसरून इशारे करतात. म्हणून धबधब्याजवळ बेडूक शोधायचा तो कानांनी नव्हे, हालचालीवरून. आणि पाण्याच्या पडद्यावरही नजर ठेवा. दक्षिण अमेरिकेतल्या इग्वासू धबधब्यावर ग्रेट डस्की स्विफ्ट या पाकोळ्या थेट धारेतून आरपार जाऊन मागच्या खडकावर रात्र काढतात.

हा ओला पट्टा किती नाजूक असतो, हे टांझानियातल्या किहान्सी धबधब्याने दाखवलं. तिथे 1996 मध्ये एक पिवळसर भेक (बेडकाचाच एक प्रकार) सापडला, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देणारा. साऱ्या जगात त्याचं घर म्हणजे त्या धबधब्याच्या तुषारांखालची दोनेक हेक्टर जागा. 2000 मध्ये वीजप्रकल्पासाठी नदीचं बहुतेक पाणी वळवलं आणि तुषार थांबले. कृत्रिम फवारे बसवले गेले, तरी 2003 मध्ये भेकांची संख्या कोसळली. त्यांच्यात कायट्रिड ही बेडकांना रोग करणारी बुरशीही आढळली. 2009 मध्ये हा भेक निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आधी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेलेल्या काहीशे भेकांची पैदास टिकली होती, म्हणून 2012 पासून त्यांना परत त्या घळीत सोडता आलं.

म्हणून तुषारांच्या पट्ट्यातल्या मॉसच्या गादीवर बसू नका, उघडा खडक निवडा. डोहात साबण लावू नका, ‘निसर्गस्नेही’ छापलेलाही नको. अंगाला डास पळवणारं मलम चोपडलं असेल तर पाण्यात उतरू नका.

परत आल्यावर

त्याच दिवशी चार ओळी लिहून ठेवा: तारीख, पाणी किती होतं, मॉस कुठून दाट झालं, कोणता आवाज ओळखता आला नाही. हीच वाट दुसऱ्या ऋतूत चाललात की या ओळी हाताशी येतील.

आणि बूट. किहान्सीच्या भेकांत सापडलेल्या त्या कायट्रिड बुरशीमुळे जगात पाचशेहून जास्त उभयचर जातींची संख्या घटली, त्यातल्या 90 नामशेष झाल्याचं मानलं जातं, असा 2019 मधल्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. ती ओल्या चिखलातून आणि पाण्यातून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते, पण पूर्ण कोरडं होणं तिला सोसत नाही. म्हणून तळव्याच्या खाचांतला चिखल ब्रशने काढा, बूट धुवा, नाड्या सैल करून आतपर्यंत खडखडीत वाळू द्या, आणि मगच ते पुढच्या धबधब्यासाठी पायात घाला.